बाळ शांत झोपलंय की गळून गेलंय? नवजात बाळाच्या जंतुसंसर्गात पहिले काही तास महत्त्वाचे

भिवंडी : घरात नवं बाळ आलं की पहिले दहा-बारा दिवस सगळं घर त्याच्या रडण्यावर चालतं. बाळ रात्रभर रडलं तर आजी म्हणते, 'पोटात दुखत असेल, जरा गुटी उगाळून द्या.' आणि एखाद्या दिवशी बाळ रडलंच नाही, दुधाला उठलंच नाही, नुसतं पडून राहिलं, तर तीच आजी कौतुकाने म्हणते, 'किती गुणाचं लेकरू आहे, त्रास म्हणून देत नाही.'

बालरोगतज्ज्ञांना या दुसऱ्या दिवसाचीच जास्त भीती वाटते. जोरात रडणाऱ्या बाळाच्या अंगात निदान ताकद तरी असते. कालपर्यंत चांगलं दूध ओढणारं बाळ आज ओढत नसेल, त्याचा आवाज बारीक झाला असेल, हातपाय ढिले पडले असतील, तर त्याच्या रक्तात जंतू पसरायला लागलेले असू शकतात. डॉक्टर याला सेप्सिस म्हणतात. गडचिरोलीच्या गावांत याला साधा शब्द आहे, जंतुदोष. मोठ्या माणसाला असा संसर्ग झाला तर ताप येतो, तो कण्हतो, सांगतो. चार दिवसांच्या बाळाला सांगता येत नाही आणि पुष्कळदा ताप पण येत नाही. उलट अंग थंड पडतं. म्हणून हा आजार घरातल्या माणसांच्या डोळ्यांसमोर वाढतो आणि कळत नाही.

भिवंडी तालुक्यात एका बाजूला यंत्रमागांचं शहर आहे. दुसऱ्या बाजूला पडघा, वज्रेश्वरी, चिंबीपाडा, खारबाव भागातली गावं आणि पाडे आहेत. मध्ये गोदामं आणि वाहतूक कोंडी आहे. इथे दवाखाने नाहीत असं म्हणता येणार नाही. प्रश्न असा आहे की बाळ आजारी आहे हे घरात वेळेवर कळतं का, आणि कळल्यावर ते योग्य ठिकाणी वेळेत पोहोचतं का.

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीच्या २०२० सालच्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात जिवंत जन्मलेल्या दर १,००० बाळांमागे १६ बाळं वर्षाच्या आत दगावली. त्यातली ११ बाळं पहिल्या २८ दिवसांतच गेली. म्हणजे वर्षभरात जाणाऱ्या दहा बाळांपैकी जवळपास सात बाळं पहिल्या महिन्यातच जातात. त्यातही सगळ्यात धोक्याचा असतो पहिला आठवडा. देशाचा आकडा महाराष्ट्रापेक्षा वाईट आहे. देशात वर्षाच्या आत २८ आणि पहिल्या महिन्यात २० बाळं दगावत होती.

भारताने २०१४ साली नवजात बालकांसाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत पहिल्या महिन्यातले मृत्यू दर हजारी एक आकडी संख्येवर आणायचे, असं त्यात ठरलं. २०२० साली महाराष्ट्र ११ वर होता म्हणजे मुक्काम जवळ आल्यासारखा वाटतो. पण राज्याचा आकडा ही सरासरी असते. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलजवळचं बाळ आणि वीटभट्टीवरच्या झोपडीतलं बाळ दोघंही त्या एकाच आकड्यात मोजली जातात.

या वयातल्या मृत्यूंची मोठी कारणं तीन. बाळ दिवस भरण्याआधी किंवा कमी वजनाचं जन्मणं, जन्मताना श्वास कोंडणं आणि जंतुसंसर्ग. पहिली दोन कारणं बहुतेक करून प्रसूतीच्या खोलीतच समोर येतात. तिसरं मात्र बाळाला घेऊन घरी आल्यावरही येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. ही मोठी गोष्ट आहे. पण साधं बाळंतपण असेल तर आई दोन-तीन दिवसांत घरी येते, आणि धोक्याच्या पहिल्या आठवड्याचे उरलेले दिवस बाळ घरीच काढतं. त्या दिवसांत बाळाकडे डॉक्टरचं नाही, घरातल्यांचंच लक्ष असतं.

जंतू येतात कुठून?

पहिल्या तीन दिवसांत दिसणारा संसर्ग बहुतेक वेळा आईकडून आलेला असतो. पाणमोट फुटून खूप तास उलटले, कळा सुरू असताना आईला ताप होता, पाण्याला घाण वास येत होता, तर बाळाला धोका वाढतो. अशा आईने घरी निघण्याआधी हे सगळं डॉक्टरांना किंवा सिस्टरना स्वतःहून सांगितलेलं बरं.

तीन दिवसांनंतरचा संसर्ग बाहेरून येतो. न धुतलेल्या हातांनी बाळ घेणं, दुधाची बाटली, बेंबीवर शेण, राख, हळद किंवा तेल लावणं, चाटणासाठी उगाळलेली गुटी, मध, कानात आणि नाकात तेलाचे थेंब. यातली एकही गोष्ट कुणी वाईट हेतूने करत नाही. पिढ्यानपिढ्या चालत आलंय म्हणून करतात. पण जन्माला आठवडा न झालेल्या बाळाची प्रतिकारशक्ती अगदी कोवळी असते. वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल किंवा बाळ नवव्या महिन्याच्या आधीच जन्मलं असेल, तर आणखीच कमी.

दवाखान्यातूनही जंतू येतात, हे सुद्धा लपवून चालणार नाही. मुंबईत भांडुपच्या सावित्रीबाई फुले प्रसूतिगृहात डिसेंबर २०२१ मध्ये चार नवजात बाळं दगावली आणि त्याचे पडसाद थेट विधानसभेत उमटले. जंतुसंसर्ग हेच कारण तेव्हा पुढे आलं होतं. त्यामुळे स्वच्छतेचा नियम घराला आहे तसा दवाखान्यालाही आहे. बाळाला हात लावण्याआधी हात धुवा, असं नातेवाइकांनी कर्मचाऱ्यांना म्हटलं तर त्यात कुणाचा अपमान नाही.

ओळखायचं कसं? गडचिरोलीने दाखवलेली वाट

या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रातच सापडलं, आणि तेही मुंबई-पुण्यात नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत १९९३ ते १९९८ या काळात एक प्रयोग केला. तुलनेसाठी ४७ गावं वेगळी धरली होती. गावातल्याच पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका निवडल्या, त्यांना प्रशिक्षण दिलं आणि नाव दिलं आरोग्यदूत. त्या प्रत्येक बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जायच्या. बाळाचं वजन करायच्या, तापमान बघायच्या, श्वास मोजायच्या आणि सगळं लिहून ठेवायच्या.

उपचार सुरू करण्याआधी वर्षभर नुसती पाहणी झाली, ७६३ बाळांची. त्यातल्या निम्म्याहून जास्त बाळांना पहिल्या महिन्यात कधी ना कधी वैद्यकीय मदतीची गरज पडली होती. प्रत्यक्ष मदत मिळाली ती फक्त २.६ टक्के बाळांना. बाकीच्यांच्या घरी कुणाला कळलं नाही, कुणी 'बाहेरचं' म्हणून भगताकडे गेलं, कुणी बाळाला घराबाहेर काढायचं नाही म्हणून थांबलं.

मग आरोग्यदूतांनी घरीच उपचार सुरू केले. संसर्गाची लक्षणं दिसली आणि आईवडील दवाखान्यात जायला तयार नसले, तर प्रशिक्षित आरोग्यदूत स्वतः जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायची आणि तोंडाने औषध सुरू करायची. तिसऱ्या वर्षी या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकाने हे छापलं. उपचार नव्हते तेव्हा जंतुदोष झालेल्या दर १०० बाळांपैकी १६-१७ बाळं जायची. पुढच्या सात वर्षांच्या अनुभवात, उपचार मिळालेल्या बाळांत हे प्रमाण ७ च्या आसपास आलं.

रक्त तपासणी नाही, मशीन नाही, मग या बायकांनी आजार ओळखला कसा? हजारो नोंदी तपासून 'सर्च'ने सात लक्षणं काढली. ती कुठल्याही आईला कळतील अशी आहेत.

• बाळाचं दूध ओढणं कमी झालं किंवा बंद झालं.
• रडणं क्षीण झालं किंवा थांबलं.
• हातपाय ढिले, लुळे पडले.
• उलट्या होतात किंवा पोट फुगलंय.
• अंग हाताला गार लागतं.
• श्वास घेताना छातीचा खालचा भाग खोल आत जातो.
• बेंबी पिकली आहे, पू येतो.

यातली दोन लक्षणं एकाच वेळी दिसली की आरोग्यदूत तो जंतुदोष धरायची. लक्षणांपेक्षाही महत्त्वाचा आहे त्यातला बदल. 'आधी चांगलं प्यायचं, आता नाही पीत.' 'काल कोकलून रडत होतं, आज आवाजच निघत नाही.' हा फरक आईला सगळ्यात आधी कळतो. म्हणून आई 'काहीतरी बिघडलंय' म्हणाली तर 'पहिलटकरीण आहे, घाबरते' म्हणून तिला गप्प करू नये. तिचं ऐकावं.

पुढे जागतिक पातळीवर अनेक देशांत मोठा अभ्यास झाला आणि २००८ साली त्याचा निष्कर्ष आला. त्यात आणखी काही खुणा आल्या. झटके येणं, डिवचल्याशिवाय हालचाल न करणं, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, ९९.५ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, किंवा अंग ९५.९ अंशांपेक्षाही थंड. श्वास मोजायचा तर बाळ शांत असताना, पोट उघडं ठेवून, मोबाइलवर सेकंद लावून पूर्ण एक मिनिट मोजायचा. ६० च्या वर आला तर परत एकदा मोजायचा. दुसऱ्यांदाही तितकाच आला तर थांबायचं नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. गडचिरोलीत दोन लक्षणांची अट होती, कारण त्यावरून आरोग्यदूत घरीच इंजेक्शन द्यायची. घरच्या माणसांनी मात्र दुसऱ्या लक्षणाची वाट बघायची नाही. सरकारी पद्धतीतही एक गंभीर लक्षण दिसलं की बाळ दवाखान्यात दाखवावं असंच आहे. दहापैकी काही बाळांना साधीच तक्रार निघेल, हेलपाटा पडेल. तो परवडतो.

गडचिरोलीतून भिवंडीत काय आलं, काय राहिलं?

गडचिरोलीचा अनुभव २०११ साली देशभर 'घरोघरी नवजात बालकांची काळजी' या कार्यक्रमात उतरला. आज गावोगावी आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात, त्याचं मूळ तिथे आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायचं असतं. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीची एक भेट जास्त. या सगळ्या भेटी पूर्ण केल्यावर आशाताईंना २५० रुपये मिळतात, असं त्या योजनेत ठरलं.

भेट आली, नोंदवही आली, काटा आणि थर्मामीटर आला. इंजेक्शन मात्र आशाताईंच्या हाती आलं नाही. गडचिरोलीत जी बाई ओळखत होती तीच उपचार करत होती. इथे आशाताई ओळखणार आणि पुढे पाठवणार. म्हणजे आशाताईंनी कितीही वेळेवर ओळखलं तरी पुढची साखळी चालली नाही तर त्याचा उपयोग नाही.

ही अडचण सरकारच्याही लक्षात आली. २०१४ साली केंद्राने मार्गदर्शक सूचना काढून आरोग्य सेविकेला, म्हणजे उपकेंद्रातल्या सिस्टरना, परवानगी दिली. संसर्गाचं बाळ पुढे पाठवण्याआधी त्यांनी जेंटामायसिनचा पहिला डोस आणि तोंडाने अमॉक्सिसिलिन द्यायचं. पालक कुठल्याही कारणाने दवाखान्यात जाऊच शकत नसतील, तर सात दिवसांचा उपचार उपकेंद्राच्या पातळीवर पूर्ण करायचा. पुणे जिल्ह्याच्या आदिवासी भागात ही पद्धत राबवूनही पाहिली गेली आहे.

ही सूचना आजही गावकऱ्यांना फारशी माहीत नाही. वास्तविक उपकेंद्रात औषध आहे का, सिस्टरना प्रशिक्षण झालंय का, हे ग्रामसभेत विचारण्यासारखे सरळ प्रश्न आहेत. निघण्याआधी मिळालेला एक डोस वाटेतले दोन तास भरून काढू शकतो.

साखळी कुठे तुटते?

पहिली तूट आहे माहेर-सासरची. पहिलं बाळंतपण माहेरी, नोंद सासरच्या गावात. किंवा गाव जिल्हा परिषदेकडे, बाळंतपण शहरातल्या खाजगी दवाखान्यात, आणि शहर महापालिकेकडे. बाई घरी आली हे आशाताईंना कुणी कळवलंच नाही तर तिसऱ्या दिवसाची भेट होत नाही. सातव्या दिवशी कळतं, तोवर धोक्याचा आठवडा निघून गेलेला असतो. यावर उपाय फुकटचा आहे. दवाखान्यातून निघतानाच ज्या गावी जायचं तिथल्या आशाताईंना फोन करायचा.

दुसरी तूट वीटभट्ट्यांची. दिवाळीनंतर कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबं भट्ट्यांवर कामाला येतात आणि पावसाच्या तोंडाशी परत जातात. त्यांची नाव-नोंदणी मूळ पाड्यावर, बाळ भट्टीवर. आपल्या यादीत नाही म्हणून इथल्या आशाताईंकडून राहून जाऊ शकतं, आणि तिथल्या आशाताईंना तर बाळ दिसतच नाही. थंडीच्या दिवसांत, ताडपत्रीच्या झोपडीत, कमी वजनाच्या बाळाचं अंग गार पडायला वेळ लागत नाही. भट्टीमालक, मुकादम, ग्रामपंचायत यांच्यापैकी कुणीतरी 'इथे बाळंतीण आहे' एवढं उपकेंद्राला कळवलं तरी फरक पडतो.

तिसरी तूट रस्त्याची. माणकोली, राजनोली, अंजूरफाटा इथली कोंडी आणि वाडा रस्त्यावरचे खड्डे हा भिवंडीकरांच्या रोजच्या बोलण्यातला विषय. मोठ्या माणसाला उशीर झाला तर हजेरी चुकते. संसर्ग झालेल्या बाळाचा तो वेळ उपचाराविना जातो. म्हणून 'सकाळी बघू' हा निर्णय इथे जास्तच महाग पडतो. रात्री रस्ता मोकळा असतो, सकाळी ट्रेलरच्या रांगा लागतात.

चौथी तूट आहे अर्ध्या उपचाराची. जवळच्या ओळखीच्या दवाखान्यात नेलं, तिथे काहीतरी थेंब दिले, 'दोन दिवस बघा' म्हणून सांगितलं. नवजात बाळासाठी दोन दिवस बघण्याइतका वेळ नसतो. शिवाय अर्धवट, चुकीच्या मात्रेत दिलेली प्रतिजैविकं जंतूंना आणखी निबर करतात. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत झालेला आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत डोळे उघडणारा आहे. तिथल्या आजारी बाळांत सापडलेले जंतू नेहमीच्या अनेक औषधांना दाद देत नव्हते. आणि खात्रीच्या संसर्गापैकी जवळपास दोन तृतीयांश संसर्ग जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांतले होते.

पाचवी गोष्ट जरा नाजूक आहे. सव्वा महिना बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, बाळाला वारा लागू द्यायचा नाही, पाचवीच्या पूजेआधी बाहेर काढायचं नाही, ही रीत पुष्कळ घरांत आहे. रीत मुळात बाळाला जपण्यासाठीच आली. गर्दीपासून, थंडीपासून लांब ठेवलं तर संसर्ग कमीच होतो. पण बाळ आजारी असताना तीच रीत धरून बसलं तर ती बाळावर उलटते. सटवाई कपाळावर लिहून जाते म्हणतात. पण दूध न ओढणाऱ्या बाळाचं पुढे काय होणार हे त्या रात्री घरातली माणसं काय ठरवतात यावरही अवलंबून असतं. भगताला बोलवायचं असेल त्यांनी बोलवावं, पण गाडीही त्याच वेळी बोलवावी.

पैसा लागतो का?

'पेटीत ठेवायला लाखभर जातील' या भीतीनेही उशीर होतो. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम जून २०११ मध्ये सुरू झाला. त्याप्रमाणे सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, रक्त हे सगळं मोफत आहे. घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरी नेण्याची गाडीही मोफत. सुरुवातीला ही सोय ३० दिवसांपर्यंत होती, नंतर ती एक वर्षाच्या बाळापर्यंत वाढवली. गाडीसाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ हे क्रमांक आहेत.

सरकारी यंत्रणेत तीन पायऱ्या आहेत. जिथे बाळंतपण होतं तिथे नवजात काळजी कोपरा, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर स्थिरीकरण कक्ष आणि जिल्हा पातळीवर विशेष नवजात काळजी कक्ष, ज्याला लोक काचेची पेटी म्हणतात. दवाखान्यात बाळाचं रक्त घेऊन जंतूंची तपासणी लावतात. तिचा निकाल यायला दोन-तीन दिवस लागू शकतात, पण डॉक्टर तोवर थांबत नाहीत, इंजेक्शन लगेच सुरू करतात. 'रिपोर्ट आला नाही तरी औषध का देतात' म्हणून वाद घालण्याचं कारण नाही. दोन दिवसांनी बाळ बरं वाटलं म्हणून डिस्चार्ज मागून नेऊ नये. कोर्स अर्धा राहिला तर संसर्ग उलटतो.

भिवंडीत स्व. इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे, पुढे ठाण्याचं जिल्हा रुग्णालय आहे. पण आजारी नवजात बाळाला कुठे आधी न्यायचं, कुठे जागा मिळते, हे ऐनवेळी फिरत फिरत शोधायचं काम नाही. ते सातव्या महिन्यातच आशाताईंना आणि सिस्टरना विचारून ठेवायचं. १०८ च्या गाडीत डॉक्टर असतात, त्यांना 'बाळ नवजात आहे, दूध ओढत नाही' असं स्पष्ट शब्दांत सांगितलं तर योग्य ठिकाण निवडायला मदत होते.

आशाताईंच्या हातात किती?

या सगळ्या साखळीचा भार ज्यांच्यावर आहे त्या आशाताई कायम नोकरीत नाहीत. राज्यातल्या आशा स्वयंसेविकांनी मानधनासाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये संप केला. मार्च २०२४ मध्ये मानधनात दरमहा ५,००० रुपये वाढ देण्याचा शासन निर्णय निघाला. संपाच्या दिवसांत गृहभेटींवर परिणाम होतो, आणि जन्मलेलं बाळ काही संप मिटायची वाट बघत नाही. एका बाजूला लसीकरण, सर्वेक्षण, ऑनलाइन नोंदी अशी कामं वाढत जातात. भेट नुसती वहीत भरली जाते की बाळाचे कपडे काढून, वजन करून, श्वास मोजून होते, यातच सगळा फरक आहे.

गावानेही आपल्या बाजूने बघायला हवं. आशाताई आल्या की 'सगळं बरं आहे' म्हणून दारातून परत पाठवण्यापेक्षा बाळ त्यांच्या हातात द्यावं. त्यांनी आधी हात धुतले का, हे बघावं. पाणी आणि साबण आपण पुढे करावा.

घरात काय करायचं?

बाळ जन्मल्यावर तासाभरात आईचं दूध. पहिलं पिवळसर चीक दूध टाकून द्यायचं नाही, बाळासाठी ती पहिली लसच आहे. सहा महिने आईच्या दुधाशिवाय दुसरं काही नाही, पाणीसुद्धा नाही. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. आजारी आणि कमी वजनाच्या बाळांना संसर्गापासून वाचवायला आईच्या दुधाइतकं चांगलं काही नाही, हाच त्यामागचा अनुभव होता.

बेंबीला काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. पहिले चोवीस तास आंघोळ नाही. कमी वजनाच्या बाळाला वजन वाढेपर्यंत पुसूनच घ्यायचं. डोक्याला टोपी, पायाला मोजे. बाळ बारीक असेल तर आईच्या छातीवर, कातडीला कातडी लावून, वरून साडी किंवा शाल गुंडाळून ठेवायचं. याला कांगारू पद्धत म्हणतात. ती बापाला आणि आजीलाही जमते. बघायला येणाऱ्यांनी लांबूनच बघावं. सर्दी-खोकला असलेल्यांनी बारशाला आलं नाही तर राग धरू नये.

आणि लक्षण दिसलंच तर आशाताईंना किंवा सिस्टरना फोन, त्याच वेळी १०२ किंवा १०८. बाळ छातीशी धरून, उबेत, आईसकट न्यायचं. ओढत असेल तर वाटेत पाजत राहायचं. गळून गेलेल्या बाळाच्या तोंडात चमच्याने पाणी, गुटी, दूध काही घालायचं नाही, ते श्वासात जातं. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत घ्यायचं. बाळ शेवटचं कधी प्यायलं आणि लघवी कधी केली, हे आठवून ठेवायचं. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

ज्या घरात येत्या दोन-तीन महिन्यांत बाळ येणार आहे, तिथे आजच तीन गोष्टी होऊ शकतात. आशाताई, सिस्टर आणि गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवणं. रात्री निघायची वेळ आली तर कोण सोबत जाणार, हे ठरवणं. आणि ही सात लक्षणं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा वाचून दाखवणं, कारण बाळाजवळ जास्त वेळ त्याच असतात, आणि घरात त्यांचाच शब्द चालतो.